ग्रीक अक्षरांच्या घरातली आपली मुलं

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची पाच पत्रं निघाली: अमेरिकेतल्या कॉलेजांची फ्रॅटर्निटी-सोरोरिटी मंडळं आणि त्यांतली समलिंगी, ट्रान्स मुलं. एरवी या सदरात सासू-सून, मुलांचा मोबाईल, अडकलेला व्हिसा असलं काही असतं. संपादक म्हणाले, "हे आपल्या वाचकांना कळेल का?" म्हटलं, पत्रं वाचकांचीच आहेत, म्हणजे कळत असावं.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. मी मूळची मिरजेची. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात २२ वर्षं फ्रॅटर्निटी-सोरोरिटींच्या कचेरीत नोकरी केली. फ्रॅटर्निटी म्हणजे मुलांचं मंडळ, सोरोरिटी म्हणजे मुलींचं. दोन-तीन ग्रीक अक्षरांचं नाव, शपथ, गुप्त विधी, पुष्कळदा स्वतःचं घर, आणि जन्मभर एकमेकांना भाऊ-बहीण म्हणायची रीत. माझं काम निम्मं कारकुनाचं, निम्मं फौजदाराचं आणि उरलेलं मावशीचं होतं.

पत्रलेखकांची नावं अर्थातच गाळली आहेत.

ताई, नमस्कार. आम्ही एडिसनला १९ वर्षं राहतोय. मुलगा इथलाच जन्माचा, आता कॉलेजच्या सेकंड इयरला. मागच्या वर्षी तो एका देसी फ्रॅटर्निटीत गेला. आम्हाला फारसं पटलं नव्हतं, पण "आई, सगळी आपलीच मुलं आहेत" म्हणाला. थँक्सगिव्हिंगला घरी आला तेव्हा जेवणानंतर डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता त्याने मला सांगितलं की तो गे आहे. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि त्याला जवळ घेतलं. तेवढंच सुचलं. हे तेव्हापासून गप्प आहेत. मला मात्र झोप लागत नाही. चाळीस मुलांच्या त्या घोळक्यात हे कळलं तर काय करतील त्याला? चॅप्टरच्या, म्हणजे त्यांच्या कॉलेजातल्या शाखेच्या, प्रेसिडेंटची आई आमच्या महाराष्ट्र मंडळातली, नाटकाच्या तालमीला भेटते. तिच्या कानावर घालू का, म्हणजे ती मुलाला सांगेल, जरा सांभाळून घ्या म्हणून? की विद्यापीठात फोन करू? की त्यालाच म्हणू, सोड ते सगळं?
— एक आई, न्यू जर्सी

तिन्ही नको. पहिल्याचं आधी सांगते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे, आणि तीही पगार घेऊन.

२००४ साली थर्ड इयरचा एक मुलगा माझ्या खोलीत आला. टेबलावर काचेच्या वाटीत मी लिमलेटच्या गोळ्या ठेवायची. त्याने एक उचलली, कागद सोडवला, परत गुंडाळला, गोळी खाल्लीच नाही. मग सांगितलं. त्याला माझ्याकडून एकच हवं होतं: पुढच्या वर्षी घरात एकट्याची खोली मिळेल का, कारण न सांगता? मी "बघते" म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या प्रेसिडेंटला बोलावून घेतलं. मुलगा सरळ होता. त्याला विश्वासाने सांगितलं की याला जरा सांभाळा. त्याने विश्वासाने चार पदाधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी आणखी कुणाकुणाला, विश्वासानेच. आठवड्यात साठ जणांना माहीत झालं आणि साठच्या साठ त्याला सांभाळायला लागले. कुणी हात उगारला नाही, कुणी शिवी दिली नाही. तो बाथरूममध्ये शिरला की आतल्या गप्पा थांबायच्या. जेवणाच्या टेबलावर सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे, घरात सुतक असल्यासारखे. मार्चमध्ये त्याने एका पिकअप ट्रकमध्ये सामान भरलं. जाताना माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "मी सगळ्यांत आधी तुम्हाला सांगितलं होतं." मी माफी मागितली. त्याने दिली नाही. का द्यावी?

तेव्हा तालमीला त्या बाई भेटल्या तर नाटकाबद्दल बोला.

तुमच्या मुलाचं ते वाक्य, "सगळी आपलीच मुलं आहेत", माझ्या मनात घोळतंय. अमेरिकेतल्या फ्रॅटर्निट्या जुन्या. न्यू यॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ साली जी निघाली तिथून लोक त्यांची वंशावळ मोजतात. या घरांची दारं पुष्कळ काळ फक्त गोऱ्या ख्रिस्ती मुलांना उघडी होती. मग ज्यूंनी आपली काढली, कृष्णवर्णीयांनी आपली काढली. १९९०च्या दशकात आपल्या मुलांची पाळी आली: १९९४ मध्ये बिंगहॅम्टनला, १९९६ मध्ये फिलाडेल्फियाला, १९९८ मध्ये ऑस्टिनला आणि ह्यूस्टनला. आपल्या डब्यात काय आहे हे रोज समजावून सांगावं लागू नये, एवढंच त्या मुलांना हवं होतं, आणि ते त्यांनी मिळवलं. पण त्याची दुसरी बाजू बघा. गोऱ्यांच्या चॅप्टरमध्ये मुलाला भीती असते ती चॅप्टरमधल्या मुलांची. देसी चॅप्टरमध्ये प्रत्येक मुलाची आई कुठल्या ना कुठल्या मंडळात असते, आणि तिथली बातमी एका फोनवर एडिसनला पोचते. तुमचा मुलगा त्या चाळीस जणांना जितका भीत असेल, त्याहून जास्त त्यांच्या आयांना भीत असेल. आणि तुम्ही नेमक्या तिकडेच निघालात.

रटगर्सची गोष्ट तुम्हाला आठवत असणार, तुमच्या शेजारचंच विद्यापीठ. सप्टेंबर २०१०. नुकत्याच कॉलेजात आलेल्या १८ वर्षांच्या मुलाचा खासगी क्षण रूममेटने वेबकॅमवरून पाहिला आणि ट्विटरवर लिहून ती गोष्ट चार लोकांत पसरवली. काही दिवसांत त्या मुलाने जीव दिला. रूममेट आपल्यासारख्याच भारतीय घरातला होता. त्या हिवाळ्यात मी एका मराठी घरी जेवायला गेले होते, तिथे तासभर चर्चा चालली ती त्या रूममेटच्या करिअरचं काय होणार यावर. मी श्रीखंड तसंच टाकून उठले. आजही त्या घरचं बोलावणं येत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आता मुलाला विचारायच्या तीन गोष्टी. एका बैठकीत नको, परीक्षा घेतल्यासारखं वाटेल. गाडी चालवताना विचारा, एकमेकांकडे बघावं लागत नाही. पहिलं: तिथे कोणाकोणाला माहीत आहे? कदाचित असं निघेल की अख्ख्या चॅप्टरला ऑगस्टपासून माहीत आहे आणि तुमचा नंबर शेवटचा लागला. माझ्या पाहण्यात हेच जास्त. आईबापांकडे गमावण्यासारखं सगळ्यांत जास्त असतं म्हणून मुलं तिथे शेवटी येतात. दुसरं: तुझा बिग कोण, आणि तो कसा आहे? बिग म्हणजे काय ते खाली एका आजींनी विचारलंय, तिथे वाचा. बिग चांगला असेल तर निम्मं काम झालं. तिसरं: रात्री दोन वाजता तिथून निघावंसं वाटलं तर कुठे जाशील? याचं उत्तर "बघू" असेल तर चालणार नाही. दार असलेला पत्ता हवा.

विद्यापीठाच्या फोनचं म्हणाल, तर १९७४ पासून कायदा असा आहे की मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा. ऑफिस तुमचं ऐकून घेईल आणि तुम्हाला सहसा काही सांगणार नाही. फोन करायचा तो एकाच कारणासाठी: मारहाण, जबरदस्तीची दारू, नव्या मुलांचा छळ, म्हणजे ज्याला तिथे हेझिंग म्हणतात आणि आपण रॅगिंग. त्यात वाट बघायची नाही, मुलाला विचारायचंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत हेझिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला. त्यामुळे कुठल्या संस्था त्यात दोषी ठरल्या हे कॉलेजांना जाहीर करावं लागतं. मुलाच्या फ्रॅटर्निटीचं नाव त्या यादीत आहे का, तेवढं आज रात्री जागच आली तर शोधून बघा.

सोड म्हणू नका. तुम्ही सोडायला लावलंत तर त्याने तुम्हाला सांगितल्याची ती शिक्षा होईल.

राहिले तुमचे हे. गप्प आहेत म्हणजे नक्की काय, ते तुम्हालाही माहीत नाही. माझे वडील माझ्या आंतरजातीय लग्नावर अकरा महिने गप्प होते आणि बाराव्या महिन्यात हॉलचे पैसे भरून आले. १९७२ साली न्यू यॉर्कच्या क्वीन्समधली जीन मॅनफर्ड नावाची शिक्षिका मुलाबरोबर मोर्चात फलक घेऊन चालली: समलिंगी मुलांच्या आईबापांनो, मुलांसाठी एक व्हा. पुढच्या वर्षी एका चर्चमध्ये पालकांची पहिली बैठक झाली, वीसेक माणसं आली असतील. त्यातून पीफ्लॅग ही संस्था उभी राहिली. आता खास आपल्याकडच्या पालकांसाठी देसी रेनबो पेरेंट्स अँड अलाइज आहे, त्यांच्या बैठका ऑनलाइन होतात. तुमच्या ह्यांना बोलायला लावू नका. स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडा ठेवून तुम्ही ऐका. पाणी प्यायला येतीलच.

(पुढचं पत्र रोमन लिपीतल्या मराठीत होतं. देवनागरी माझी, चुका दोघांच्या.)

मावशी, मी २१ वर्षांचा आहे, टेक्सासमध्ये एका साउथ एशियन फ्रॅटर्निटीच्या चॅप्टरचा प्रेसिडेंट. माझ्या लिटलने, म्हणजे फ्रॅटर्निटीतल्या माझ्या धाकट्या भावाने, मला सांगितलं की तो बायसेक्शुअल आहे. एप्रिलच्या फॉर्मलला, म्हणजे चॅप्टरच्या डान्स पार्टीला, त्याला बॉयफ्रेंडला आणायचंय. म्हणजे सगळ्यांना कळणार, आणि त्याला ते चालेल. पण चार-पाच ब्रदर्स आणि दोन अ‍ॅल्युम्नाय, म्हणजे जुने सभासद, कुरकुर करणार हे मला आत्ताच दिसतंय. आमच्याकडचं एलजीबीटी सेंटर बंद झालं, त्यामुळे विचारायला कोणी नाही. मी मीटिंगमध्ये ठराव मांडू का की आपण इन्क्लुझिव्ह आहोत?
— प्रेसिडेंट, टेक्सास

अरे, ठराव अजिबात मांडू नकोस. ठराव म्हटला की चर्चा आली, चर्चा म्हटली की मतदान. मग तुझ्या लिटलचा बॉयफ्रेंड म्हणजे विषय क्रमांक ४ होऊन बसेल, टी-शर्टच्या ऑर्डरनंतर आणि पार्किंगच्या आधी. बाकीच्यांच्या मैत्रिणींवर कधी मतदान घेतलंत का?

फॉर्मलचा जो फॉर्म फिरवतोस तो आधी उघड. त्यात डेटच्या रकान्यात "तिचं नाव" असं काही असेल तर "पाहुण्याचं नाव" कर. आणि आजच कर, एप्रिलची वाट बघू नकोस, म्हणजे कुणासाठी बदललं हे कुणाला कळणार नाही. मी एका चॅप्टरला एवढंच करायला लावलं होतं. दोन वर्षांत तिथे तीन मुलं आपापल्या मित्रांना घेऊन आली. मी इंद्रधनुष्याचा ध्वज लावा म्हटलं असतं तर ध्वजावरच सहा महिने भांडले असते.

फोटोंचं बघ. तुमच्या इन्स्टाग्रामवर फॉर्मलचे फोटो दोन तासांत चढतात आणि ते फोटो ह्यूस्टनपासून हिंजवडीपर्यंत सगळ्या मावश्या बघतात. लिटलला चॅप्टरमध्ये कळलेलं चालतंय, घरी कळलेलं चालतंय का? हे त्याला विचार, आणि फोटो टाकणाऱ्या पोराला आधी सांग की कुठलाच फोटो विचारल्याशिवाय जाणार नाही. कुठलाच. एकट्या त्याचे वगळलेस तर तेही डोळ्यांत येतं.

आणि तुमच्या ग्रुप चॅटमधले विनोद. मी ते वाचलेले नाहीत, पण बावीस वर्षं असलेच वाचत होते. नव्या मुलांना साडी नेसवून, टाळ्या वाजवत नाचायला लावायचं आणि हसायचं, हा प्रकार तुमच्याकडे आहे का? देसी चॅप्टरांत मी तो पाहिला आहे. एरवी गोड असलेली मुलं, आईचीच साडी आणतात. ते बंद कर. कारण देऊ नकोस, "कंटाळा आला, नवीन काहीतरी काढा" म्हण. ऑक्टोबर १९९८ मध्ये वायोमिंगच्या लॅरमीजवळ मॅथ्यू शेपर्ड या विद्यार्थ्याला तो गे होता म्हणून मारहाण करून कुंपणाला बांधून ठेवलं होतं. तो फोर्ट कॉलिन्सच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता, आणि त्याच गावात कॉलेजच्या मिरवणुकीत एका फ्रॅटर्निटी-सोरोरिटीच्या चित्ररथावर एक बुजगावणं होतं, त्यावर समलिंगी लोकांची टिंगल लिहिलेली. ज्यांनी लिहिलं तेही स्वतःला विनोदीच समजत असणार.

अ‍ॅल्युम्नायची कुरकुर तू एकट्याने ऐकू नकोस. तुमच्या नॅशनल्सच्या, म्हणजे देशभरच्या मुख्य संस्थेच्या, नियमावलीत भेदभाव न करण्याचं कलम आहे का आणि त्यात लैंगिक कल शब्दाने लिहिलेला आहे का, ते काढून ठेव. असेल तर "दादा, पान अमुक" एवढं पुरे. नसेल तर तुमच्या पुढच्या अधिवेशनाला काम मिळालं. मोठमोठ्या जुन्या फ्रॅटर्निट्या बदलल्या आहेत. सिग्मा फाय एप्सिलॉनने २०१४ मध्ये ट्रान्स पुरुषांना, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पण पुरुष असलेल्यांना, सभासदत्व खुलं केलं. त्याच्या आदल्या वर्षी बोस्टनच्या इमर्सन कॉलेजात फाय अल्फा टाऊच्या मुलांनी आपल्या ट्रान्स भावाच्या शस्त्रक्रियेला विमा पैसे देत नाही म्हटल्यावर वर्गणी काढली, २० हजार डॉलरच्या वर जमली. गणपतीची वर्गणी काढणाऱ्यांच्या घरातला तू, तुला यात अवघड काय आहे?

तुमचं सेंटर बंद झालं ते राज्याच्या कायद्याने. तो १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांना लागू झाला. पण त्या कायद्यात विद्यार्थ्यांच्या नोंदणीकृत संघटना वगळल्या आहेत. म्हणजे जे काम ऑफिसला करता येत नाही ते तुझ्या चॅप्टरला करता येतं. ज्या समलिंगी मुलांना फ्रॅटर्निट्या घरात घेत नव्हत्या त्यांनी १९८६ साली वॉशिंग्टनमध्ये डेल्टा लॅम्ब्डा फाय ही स्वतःची फ्रॅटर्निटी काढली, ती आजही आहे. १९९५ मध्ये इंडियाना विद्यापीठात शेन विंडमायर यांनी लॅम्ब्डा १० प्रकल्प सुरू केला, तो खास फ्रॅटर्निटी-सोरोरिटीतल्या समलिंगी मुलामुलींसाठी. त्यांनीच पुढे कॅम्पस प्राइड ही अशा विद्यार्थ्यांसाठीची संस्था उभी केली. ऑफिस नाही म्हणून वाचायला काही नाही असं होत नाही.

एक मात्र सांभाळ. पुढच्या रशला, म्हणजे नव्या मुलांना बोलवायच्या आठवड्यात, त्याला दारात उभं करून "बघा आमच्याकडे हाही आहे" असं करू नकोस. तो तुझा लिटल आहे, पाटी नाही. आणि ज्या चार-पाच जणांची नावं तुझ्या डोक्यात आहेत, त्यांतला एखादा कुरकुरणारा सगळ्यांत जास्त घाबरलेला असू शकतो, हेही लक्षात ठेव. मी असे दोन पाहिलेत.

ताई, मी कोल्हापूरची, वय २३. ऑगस्टमध्ये ओहायोला एम.एस.ला जातेय. मी लेस्बियन आहे, घरी माहीत नाही. सिनेमात सोरोरिटी पाहिल्यात. तिथे गेले तर मैत्रिणी मिळतील की उलट त्रास होईल?
— के., कोल्हापूर

अगं, प्रश्नच येत नाही! सोरोरिटी बहुतेक पदवीच्या, म्हणजे बी.ए.-बी.एस.च्या मुलींसाठी असतात. एम.एस.ची मुलगी दारात गेली तर तिला सल्लागार समजून चहा देतील. तुझ्यासाठी ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांचे क्विअर, म्हणजे एलजीबीटी, गट असतात, ते शोध. साउथ एशियन क्विअर लोकांची त्रिकोन ही संघटना १९८६ पासून सॅन फ्रान्सिस्कोकडे आहे आणि दूरच्यांनाही सामावून घेते. खोली मात्र पहिल्या सहा महिन्यांसाठीच घे, वर्षाचा करार करू नकोस. रूममेट कशी निघेल ते कोल्हापुरात बसून कळत नाही.

ताई, माझी मुलगी सोरोरिटीच्या घरात राहते. यंदा त्यांनी एका ट्रान्स मुलीला बिड दिली, म्हणजे आमंत्रण. पुढच्या वर्षी ती घरात राहायला येईल. मी वाईट विचारांची नाही, पण एकच मजला, एकच बाथरूम. हे कायद्याने चालतं का? मी इतर पालकांना घेऊन पत्र लिहावं का?
— एक पालक, डेन्व्हर

कोर्टाने आजवर अडवलेलं नाही. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने शिक्षणात स्त्री-पुरुष भेदाला बंदी आहे, पण १९७४ मध्ये फ्रॅटर्निटी-सोरोरिटींना सभासद निवडण्यापुरती सूट मिळाली. म्हणून फक्त मुलींचं घर चालतं. आणि "मुलगी" कोणाला म्हणायचं? तुमच्या शेजारच्याच राज्यात, लॅरमीला, हा वाद कोर्टात गेला. वायोमिंग विद्यापीठातल्या कप्पा कप्पा गॅमाच्या काही सभासद मुलींनी २०२३ मध्ये दावा केला की आमच्यात ट्रान्स मुलगी घेणं नियमबाह्य आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की खासगी, स्वेच्छेच्या संस्थेने आपल्या नियमातल्या "स्त्री" शब्दाचा अर्थ लावला असेल तर कोर्ट तो बदलून देणार नाही. जून २०२४ मध्ये अपिलातही त्या मुलींना काही मिळालं नाही.

पण कायदा तुमची झोप आणून देणार नाही, हे मला कळतं. मुलीला विचारलंत का तिला काय वाटतं? बिड देताना तिने मत दिलेलं असणार. तुमच्या पत्रात तिचं एकही वाक्य नाही. तिला खरंच अवघड वाटत असेल तर तिने स्वतःसाठी दुसरी खोली मागावी. हाऊस डायरेक्टर बाई दर वर्षी वीस मुलींच्या खोल्या बदलतात: कुणी घोरते, कुणाचा अलार्म पाचला वाजतो. सामूहिक पत्राचा मात्र नाद सोडा. लॅरमीच्या त्या प्रकरणात एका विशीतल्या मुलीचं नाव देशभर गेलं आणि तिच्याबद्दल काय काय छापून आलं ते मी वाचलंय. तुम्ही ते पत्र ज्या मुलीविरुद्ध लिहाल तिलाही एक आई असेल, आणि ती बहुधा याच सदराला पत्र लिहील. मग तिला मी काय उत्तर देऊ?

चि. ताईस, अनेक आशीर्वाद. माझं वय ७८, राहणार डोंबिवली. नातू अमेरिकेत कॉलेजात आहे, दर रविवारी व्हिडिओवर बोलतो. परवा म्हणाला, "आजी, तुला एकटीला सांगतो," आणि शेजारी बसलेल्या मुलाला दाखवून म्हणाला की आमचं प्रेम आहे. मुलगा गोरा, लाजरा, "नमस्ते आज्जी" म्हणाला. मला काय वाटायचं ते वाटलं, ते माझ्यापाशी. लेकीला यातलं काही माहीत नाही. ती विचारते, एवढं काय बोलता दोघं? काय सांगू? दुसरं, तो सारखा "माझा बिग, माझा बिग" करतो. हा कोण? आडनाव आहे का? तिसरं, त्या घरात तीस मुलं आहेत. संक्रांतीला तिळाच्या वड्या पाठवायच्या आहेत. किती पाठवू?
— आजी, डोंबिवली

आजी, साष्टांग नमस्कार. पाचही पत्रांत तुमचंच मी दोनदा वाचलं.

बिग हे आडनाव नाही. फ्रॅटर्निटीत नवा मुलगा आला की त्याला एक वरच्या वर्गातला मुलगा नेमून देतात, तो त्याचा बिग ब्रदर, आणि नवा तो लिटल. आपल्याकडच्या शब्दांत गुरुबंधू म्हणा, फक्त इथे गुरू नाही, नुसतेच बंधू. अभ्यासापासून आजारपणापर्यंत त्याने बघायचं असतं. पुढे लिटल स्वतः बिग होतो, अशा पिढ्या चालतात आणि ते त्याला खरोखरच "फॅमिली" म्हणतात. बिगच्या बिगला ते "ग्रँड बिग" म्हणतात, म्हणजे नातवाला तिथे एक आजोबापण आहेत, वय वर्षं बावीस.

लेकीला "क्रिकेटवर बोलतो" सांगा. खोटं बोलणं जिवावर येत असेल तर "आमचं गुपित आहे" म्हणून मोकळ्या व्हा. आजी-नातवाला तेवढी मुभा असते आणि ती चिडली तरी फारसं खोदणार नाही. नातवाला मात्र पुढच्या रविवारी एकदा विचारा की आईला सांगायचं तेव्हा मी फोनवर असू का. नको म्हणाला तर नको.

वड्या माणशी दोन धरा, म्हणजे साठ, आणि मोडतील त्या दहा. चिक्कीच्या गुळाच्या नकोत, त्या मुलांना दात लावायची सवय नसते आणि एखाद्याचा दात गेला तर ती मुलं लगेच विम्याचा दावा लावतात. साध्या गुळाच्या, कूट जास्त घातलेल्या करा. काटेरी हलवा थोडा टाका, ते त्याला कँडी समजून डोळे मिटून खातील. हवाबंद डबा, त्याला बाहेरून चिकटपट्टी, आणि डिसेंबरच्या शेवटी कुरिअरला द्या, नाहीतर रथसप्तमी उजाडेल. डब्यावर नाव नातवाचं एकट्याचं घाला. त्याच्या मित्रासाठी वेगळी पुडी करावीशी वाटली तर करा, पण पुडीवर काही लिहू नका. कुणाची ते त्याला कळेल.